१९६६ ला पिंपरीत कारखाना टाकला, पहिला ट्रक आला १९७७ ला. मधली ११ वर्षं सुमंत मूळगावकर काय करत होते?

भोसरीत रिक्षात बसून टेल्को रोड म्हणा, रिक्षावाला बरोबर घेऊन जातो. खरं तर टेल्को नावाची कंपनी आता कुठेच नाही. २००३ मध्ये तिचं नाव टाटा मोटर्स झालं. पण पिंपरी-चिंचवडने ते मनावर घेतलेलं नाही. इथल्या जुन्या माणसांसाठी मुलगा आजही टेल्कोतच लागतो आणि सासरेबुवा टेल्कोतूनच रिटायर होतात.

ही टेल्को पिंपरीत आणणारा माणूस म्हणजे सुमंत मूळगावकर.

मूळगावकरांचं नाव आजच्या पिढीला माहीत आहे ते एका फॉरवर्डमुळे. टाटा सुमो या गाडीचं नाव जपानी पैलवानांवरून आलेलं नसून सुमंतचा सु आणि मूळगावकरचा मो यावरून आलंय, ही ती गोष्ट. नावाची गोष्ट खरी आहे. त्याच्या पुढे जोडलेला ढाब्याचा किस्सा, म्हणजे साहेब दुपारी गुपचूप निघून ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवायला बसायचे वगैरे, तो दर फॉरवर्डमध्ये थोडा वाढत जातो. तो बाजूला ठेवू. कारण या माणसाने पिंपरीच्या माळावर जे केलं ते त्या किश्श्यापेक्षा मोठं आहे. आणि आज चाकण, हिंजवडी, तळेगावात प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला निघालेल्या, त्यासाठी कुठलं सर्टिफिकेट घ्यावं, घ्यावं की नाही या विचारात पडलेल्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

मूळगावकरांचा जन्म १९०६ चा, मुंबईचा. इंजिनिअरिंग शिकायला ते लंडनला गेले, इम्पिरियल कॉलेजमध्ये. तिथे इंजिनिअरिंगचं शिक्षण ज्या भागात चालायचं त्याचं नाव सिटी अँड गिल्ड्स कॉलेज.

हे नाव जरा थांबून बघण्यासारखं आहे. गिल्ड म्हणजे कारागिरांचा संघ. सोनार, सुतार, कापडवाले अशा लंडनच्या जुन्या संघांनी १८७८ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांबरोबर मिळून एक संस्था काढली. हाताने काम करणाऱ्याला परीक्षा घेऊन दाखला द्यायचा, म्हणजे तो कुठेही गेला तरी त्याला काय येतं हे समोरच्याला कळेल, हा त्यामागचा एक मोठा उद्देश. जगभर आज जी व्यावसायिक सर्टिफिकेटं दिली जातात, त्यांच्या आजोबांपैकी हे एक. मूळगावकर शिकले ते या कल्पनेच्या घरात.

लंडनची पदवी घेऊन ते परत आले. जागतिक मंदीचा तो काळ. गाड्या, यंत्रं, इंजिनं असं इथे फारसं बनत नव्हतं, त्यामुळे मेकॅनिकल इंजिनिअरला काम मिळायचं ते रेल्वेत, गिरणीत नाहीतर सिमेंटमध्ये. मूळगावकर सिमेंटमध्ये गेले. १९३६ मध्ये देशातल्या बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली आणि तिथेच ते पुढे चढत गेले.

सिमेंटचा कारखाना म्हणजे बाहेरून धूळ आणि आतून सगळी अवजड यंत्रं. फिरणारी प्रचंड भट्टी, दगड भरडणाऱ्या चक्क्या. हे सगळं तेव्हा परदेशातून यायचं. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि येणं थांबलं. मग बिहारमधल्या चाईबासाला (आता झारखंडमध्ये) एसीसीने यंत्रं इथेच बनवून कारखाना उभा करायचं ठरवलं. १९४७ मध्ये उभा राहिलेला हा संपूर्ण देशी बनावटीचा पहिला सिमेंट कारखाना मानला जातो, आणि त्यामागे मूळगावकर होते.

लंडनच्या पदवीने त्यांना सिमेंटच्या फाटकातून आत नेलं होतं. चाईबासानंतर मात्र पदवी कुठली हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

इथे दुसऱ्या एका माणसाची आठवण येतेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकली विकल्या, नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच. म्हणजे कागद नसलेला माणूसही कारखाना उभारू शकतो, हे मराठी माणसाने मूळगावकरांच्या आधीच पाहिलेलं होतं. फक्त त्यासाठी आधी दार तोंडावर बंद व्हावं लागलं आणि मग स्वतःचं घर बांधावं लागलं. सगळ्यांना ते जमत नाही.

आता टेल्कोकडे येऊ. १९४५ मध्ये टाटांनी जमशेदपूरला ही कंपनी काढली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९४९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी मूळगावकरांना सिमेंटमधून तिथे आणलं. रेल्वे इंजिनांचं गिऱ्हाईक एकच, सरकार. एकाच गिऱ्हाइकावर कंपनी किती दिवस चालणार, म्हणून ट्रकचा विचार सुरू झाला. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार झाला, १५ वर्षांचा. करार झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा होता.

हे ६ महिने लक्षात ठेवा.

ते शक्य झालं कारण डिझाइन जर्मनांचं होतं आणि सुरुवातीचे बरेच सुटे भाग जर्मनीहून येत होते. इथे जोडणी व्हायची. मग एकेक भाग इथे बनवायला घ्यायचा, तपासायचा, पास झाला की आयात बंद करायची, असं वर्षानुवर्षं चाललं. जर्मनांबरोबर काम करताना त्यांची माणसं घडवायची पद्धतही जवळून दिसली. जर्मनीत पोरगा कारखान्यात उमेदवारी करतो, आठवड्यातले काही दिवस शाळेत जातो, शेवटी बाहेरच्या मंडळापुढे परीक्षा देतो. पुढे काही वर्षं काम करून आणखी कठीण परीक्षा दिली की त्याला माइस्टर म्हणतात, म्हणजे उस्ताद. त्या कागदाला तिथे इंजिनिअरच्या पदवीइतकाच मान आहे, कारण तो मशीनवर हात काळे केल्याशिवाय मिळत नाही.

१९६९ ला करार संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तारा उतरणार होता. त्यानंतर काय, याचं उत्तर शोधायला मूळगावकर पुण्याकडे वळले.

तेव्हाचं पिंपरी-चिंचवड म्हणजे काही खेडी आणि मधून जाणारा मुंबई-पुणे रस्ता. पिंपरीत पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलेली होती. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि इथल्या जमिनींना मागणी येऊ लागली. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर सुरू झाल्या होत्या. नगरपालिका व्हायला अजून अवकाश होता, ती आली १९७० मध्ये. १९६६ मध्ये टेल्कोने इथे काम सुरू केलं.

जागा म्हणजे खडकाळ माळ. आणि इथे पहिलं काम काय, तर झाडं लावली. हजारोंनी. पाणी साठवायला तळं केलं. ते आजही कंपनीच्या आवारात आहे, सुमंत सरोवर म्हणतात त्याला, हिवाळ्यात पक्षी येतात. कारखाना काढायला आलेला माणूस झाडं लावत बसलाय, हे तेव्हा बघणाऱ्यांना कसं वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. पण झाडाला वाढायला वेळ लागतो. ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त वेळ लागतो तिची सुरुवात सगळ्यात आधी करायची, हा हिशोब त्यामागे दिसतो.

हाच हिशोब पुढच्या प्रत्येक गोष्टीत दिसतो.

ट्रक बनवायचा तर काय काय लागतं ते बघू. ट्रकची केबिन पत्र्याची असते. सपाट पत्रा प्रेसमध्ये दाबला की दरवाजा होतो, पण तो दाबायला दरवाजाच्या आकाराचा पोलादी साचा लागतो. त्याला डाय म्हणतात. इंजिनच्या ब्लॉकला भोकं पाडायची तर ती प्रत्येक वेळी त्याच जागी पडावीत म्हणून तो घट्ट धरणारी चौकट लागते. तिला जिग किंवा फिक्स्चर म्हणतात. एका नव्या गाडीसाठी असे डाय आणि फिक्स्चर ढिगाने लागतात. यात केसभर चूक झाली तर ती पुढे बनणाऱ्या प्रत्येक गाडीत उतरते. हे जिथे बनतं ती टूल रूम. पिंपरी-चिंचवडमधल्या कोणत्याही कारखान्यात जा, टूल रूमवाल्याचा रुबाब वेगळाच असतो, तो यामुळेच.

तेव्हा हे साचे परदेशातून येत. आणि नेमकं जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर ७ रुपये ५० पैशांना मिळू लागला. म्हणजे परदेशातून आणायचा लाखाचा साचा एका रात्रीत दीड लाखाच्या वर गेला. वर सरकारकडून परकीय चलनाची परवानगी काढायची कटकट वेगळी.

मूळगावकरांनी पुण्यात आधी उभं केलं ते हेच. साचे बनवणारी टूल रूम. आणि मशीन टूल, म्हणजे मशीन बनवणारी मशीन. त्याच १९६६ मध्ये पुण्याला संशोधन केंद्रही सुरू झालं, ईआरसी. नवीन गाडीचं डिझाइन इथे होणार, तिचे साचे इथे बनणार, ते साचे बनवायची यंत्रंही इथेच बनणार. ट्रक सगळ्यात शेवटी.

पुण्यात बनलेला पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. ११ वर्षांनी.

जमशेदपूरला ६ महिने आणि पिंपरीत ११ वर्षं. माणूस तोच. कोणत्याही कंपनीच्या आजच्या तिमाही मीटिंगमध्ये हा आकडा दाखवून बघा. पण पहिल्या वेळी उसनं डिझाइन होतं. दुसऱ्या वेळी उसनं काहीच घ्यायचं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. टूल रूमसाठी शेड बांधायला वर्ष पुरतं. मशीनची ऑर्डर देऊन ती यायला आणखी वर्ष-दीड वर्ष. पण डाय बनवणारा कारागीर? तो बाजारात मिळत नाही. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, यातला एक नीट तयार व्हायला तीन-चार वर्षं जातात आणि त्याला दुसऱ्याला शिकवता यायला आणखी काही. म्हणजे या सगळ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट होती माणूस. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या वर्गात आज याला क्रिटिकल पाथ म्हणून शिकवतात: कामांची जी साखळी सगळ्यात लांब, तिच्यावरच प्रोजेक्ट कधी संपणार ते ठरतं, त्यामुळे तिथे आधी हात घाला. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत ही पद्धत १९५७ च्या सुमारास तयार झाली. पिंपरीत ती प्रत्यक्षात दिसते ती अप्रेंटिसच्या रूपात.

मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, पलीकडे सातारा, नगर, मराठवाडा. दहावी झालेली, आयटीआय केलेली पोरं टेल्कोत अप्रेंटिस म्हणून लागू लागली. १९६१ चा अप्रेंटिस कायदा होताच. कारखान्याने ठरावीक संख्येने उमेदवार घ्यायचे, त्यांना विद्यावेतन द्यायचं, ठरलेली वर्षं शिकवायचं आणि शेवटी परीक्षा. ती सरकारी, देशभर एकच. पास झालं की राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र.

सुरुवातीचे महिने फक्त कानस. एक लोखंडी ठोकळा द्यायचा आणि तो सगळ्या बाजूंनी काटकोनात घासून आणायचा. गुण्या लावला की मधून उजेड दिसता कामा नये. हाताला फोड येईपर्यंत. मशीनवर हात लावायला मिळायचा तो नंतर. पिंपरी-चिंचवडच्या अनेक घरांत ही आठवण अजून सांगितली जाते.

त्या कागदाची किंमत काय होती ते लग्नाच्या बाजारात कळायचं. मुलगा टेल्कोत आहे एवढं म्हटलं की बाकीच्या चौकश्या निम्म्या व्हायच्या. आणि ज्यांना कंपनीने कायम केलं नाही त्यांचंही अडलं नाही. टेल्कोत अप्रेंटिसशिप केलेला म्हटलं की भोसरीतला शेडवाला दुसऱ्या दिवशी मशीनवर उभा करायचा. त्यातल्या काहींनी पुढे स्वतःच शेड घेतली, एक जुनी लेथ टाकली आणि टेल्कोचेच सुटे भाग बनवायला घेतले. भोसरी आणि चिंचवडच्या एमआयडीसीत फिरताना अशा शेड अजून भेटतात. आता तिथे सीएनसी मशीन असतं आणि मुलगा इंजिनिअर.

म्हणजे कागदाला भाव होता. पण तो भाव कागदावरच्या शिक्क्याने आलेला नव्हता. त्यामागे तीन वर्षं कोण शिकवत होतं हे सगळ्या पट्ट्याला माहीत होतं, म्हणून आलेला होता.

१९६६ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजर नावाचं सर्टिफिकेट अख्ख्या जगात कुठे मिळत नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. ज्या पीएमआयचं नाव आज नोकरीच्या जाहिरातीत दिसतं ती अमेरिकन संस्था स्थापन झाली १९६९ मध्ये. तिची पीएमपी ही परीक्षा सुरू झाली १९८४ मध्ये, तेव्हा मूळगावकर ७८ वर्षांचे होते. त्यामुळे पीएमपी नसताना मूळगावकरांनी एवढं केलं, मग आम्हाला कशाला हवी, असं म्हणायचा मोह होतो. हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर छान चालतो.

पण तो जरा फसवा आहे. मूळगावकरांना ओळखणारा एक माणूस होता आणि त्याचं नाव जे. आर. डी. टाटा होतं. चाकणच्या एखाद्या व्हेंडर कंपनीत आठ वर्षं काम केलेल्या, नव्या कंपनीत अर्ज करणाऱ्या पोरीला तिथे ओळखणारं कोणीच नसतं. तिचा अर्ज आधी चाळतो तो एचआरमधला एखादा नवा पोरगा किंवा सॉफ्टवेअर. तिने किती नव्या गाड्यांचे सुटे भाग वेळेत सुरू करून दिले, हे त्यांना कळायला मार्ग नाही. पीएमपी ही तीन अक्षरं त्यांना कळतात. लंडनच्या गिल्डवाल्यांनी १८७८ मध्ये हाच प्रश्न सोडवायला घेतला होता: अनोळखी माणसाचं काम अनोळखी माणसाला कसं कळावं.

पीएमपीचे नियम नीट वाचले तर आणखी एक गोष्ट दिसते. पदवीधराला ही परीक्षा द्यायची तर ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि प्रोजेक्ट चालवल्याचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. पदवी नसेल तर अनुभव आणखी जास्त लागतो, पण दार बंद नसतं. पास झाल्यावरही दर तीन वर्षांनी ६० गुणांइतकं शिकणं किंवा शिकवणं दाखवावं लागतं, नाहीतर सर्टिफिकेट जातं. ३५ तास म्हणजे साधारण एक आठवडा. ३ वर्षांपुढे एक आठवडा. कॉलेज संपल्या संपल्या अमुक दिवसांत प्रोजेक्ट मॅनेजर व्हा असं सांगणाऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर हे गणित कधी छापलेलं नसतं.

चाकणमध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे कंपनीलाही सर्टिफिकेट लागतं. मोठ्या गाडी कंपनीला माल द्यायचा तर आयएटीएफचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतातच. नवा पार्ट सुरू करताना ठरलेले टप्पे पार करावे लागतात, पीपीएपीची फाइल गिऱ्हाइकाने मंजूर केली की मगच गाडी भरून माल निघतो. या फायली कशा भरायच्या हे वर्गात शिकता येतं. साचा उशिरा येणार हे पुरवठादाराच्या फोनवरच्या आवाजावरून दोन महिने आधी ओळखायला शिकवणारा वर्ग मात्र अजून निघालेला नाही.

मूळगावकरांच्या टेल्कोतही कागदाचा हिशोब नेहमी सरळ नव्हता.

१९७४ ची गोष्ट. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने टेल्कोची जाहिरात पाहिली. हुशार, मेहनती इंजिनिअर हवेत, आणि खाली एक ओळ, की महिलांनी अर्ज करू नयेत. तिच्याकडे हुबळीच्या कॉलेजची पदवी होती आणि पुढचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होत आलं होतं. त्या काळात या देशात इंजिनिअरकडे याहून जास्त कागद असणं कठीण होतं. त्या एका ओळीपुढे सगळे कागद शून्य. तिने थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं. कंपनीने तिला स्वखर्चाने पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि घेतलं. पुढे सुधा मूर्ती म्हणून सगळ्या देशाला माहीत झालेली ती हीच.

जाहिरात निघाली तेव्हा कंपनीची सूत्रं मूळगावकरांच्या हातात होती. माणसं घडवण्यासाठी ११ वर्षं थांबणाऱ्या माणसाच्या कंपनीत निम्म्या माणसांना फाटकावरच अडवलं जात होतं, हेही त्यांच्याच खात्यावर मांडावं लागतं.

पण गोष्टीचा पुढचा भाग सुधा मूर्तींनीच लिहून ठेवलाय. नंतर त्या मुंबईला बॉम्बे हाउसमध्ये मूळगावकरांकडे काही रिपोर्ट दाखवायला गेल्या असताना जेआरडी अचानक खोलीत आले. मूळगावकरांनी या मुलीची ओळख करून दिली आणि त्यात नेमक्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही इंजिनिअर आहे आणि तीही पदव्युत्तर. दोन, टेल्कोच्या शॉपफ्लोअरवर काम करणारी ही पहिली स्त्री. आधी कागद सांगितला आणि मग काम. त्यांना दोन्हींची किंमत होती.

ऐंशीच्या दशकात पिंपरीच्या त्या ११ वर्षांची परीक्षा आली.

सरकारने छोट्या ट्रकसाठी परदेशी कंपन्यांना दार उघडलं आणि चार जपानी कंपन्या भारतात शिरल्या. टोयोटा डीसीएमबरोबर, निस्सान ऑल्विनबरोबर, माझदा स्वराजबरोबर, मित्सुबिशी आयशरबरोबर. डिझाइन तयार, साचे तयार, नाव जगभर मोठं. टेल्कोनेही एखादा जपानी हात धरायचा, हा सोपा रस्ता होता. जमशेदपूरला ६ महिन्यांत ट्रक काढणाऱ्या माणसाला तो रस्ता चांगलाच ठाऊक होता.

त्यांनी तो घेतला नाही. डिझाइन पुण्याच्या ईआरसीत झालं. १९८६ मध्ये गाडी आली. टाटा ४०७.

४०७ काय आहे हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. मंडईतला भाजीपाला, वीटभट्टीची वीट, लग्नाचं वऱ्हाड, गणपतीची मिरवणूक, घर बदलताना कपाटं आणि त्यावर बसलेली दोन पोरं, सगळं तिच्यातून गेलंय. गावात तिला टेम्पो म्हणतात, नाहीतर नुसतं चारशेसात. चार जपान्यांपैकी टोयोटा आणि निस्सानची भागीदारी फार वर्षं टिकली नाही. ऑल्विन-निस्सान महिंद्राने घेतली, डीसीएम-टोयोटा पुढे देवूकडे गेली. आयशर आणि स्वराज टिकल्या, पण त्यांनाही मुकाबला करावा लागला तो पुण्याच्याच गाडीशी.

मूळगावकरांच्या घरातलं दुसरं मोठं नाव म्हणजे त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर. रक्त विकत घेण्याऐवजी लोकांनी ते स्वेच्छेने द्यावं यासाठी देशात ज्यांनी आधी चळवळ उभी केली त्यांत त्या होत्या. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नवऱ्याच्या आधी.

१९८८ मध्ये टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडे गेलं. १९८९ मध्ये मूळगावकर गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने पद्मभूषण जाहीर झालं.

त्यांच्या मृत्यूचं वर्ष पिंपरीसाठी वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलं. कामगार नेते राजन नायर यांच्या संघटनेचा आणि कंपनीचा संघर्ष टोकाला गेला होता. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. संप मोडला. त्या गर्दीत अप्रेंटिस म्हणून येऊन इथेच मोठे झालेले अनेकजण होते. कानस धरायला शिकवणारी कंपनी आणि शिकलेला कामगार यांच्यात इतकं का बिनसलं, याची उत्तरं पिंपरीत आजही कोणाशी बोलता त्यावर बदलतात.

१९९४ मध्ये सुमो आली.

आणि त्याच वर्षी जर्मन परत आले. मर्सिडीज-बेंझने भारतात कंपनी काढली आणि गाड्या जोडायला जागा घेतली ती टेल्कोच्या पुण्याच्या आवारात. १९५४ ला जमशेदपूरच्या ट्रकला आपला तारा देणाऱ्यांची भारतातली पहिली ई-क्लास १९९५ मध्ये मूळगावकरांनी वसवलेल्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली. चाकणला स्वतःचा कारखाना सुरू होईपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, मर्सिडीज तिथेच बनत होती.